मी माझ्यात नव्हतेच

इथे अमेरिकेत दवाखान्यात दुभाषी म्हणून काम करताना मी सगळ्यात जास्त अडखळले ती 'डिसोसिएशन' या शब्दाशी, म्हणजे जबर धक्क्यात मन स्वतःपासूनच तुटल्यासारखं होणं. कोशात 'विघटन' मिळतं, 'वियोजन' मिळतं. समोर बसलेल्या बाईला यातलं काही म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, रसायनशास्त्राचा तास चाललाय. डॉक्टरांच्या हातात २८ प्रश्नांची एक यादी होती, १९८६ सालापासून वापरात असलेली. गाडीतून जाताना मधला रस्ता कधी सरला ते आठवतच नाही, असं तुमचं कितपत होतं? ती हसली. "असं सगळ्यांचंच होतं की!" मग पुढचा एक प्रश्न आला: आपण आपल्याच शेजारी उभं राहून स्वतःकडे बघतोय असं वाटतं का? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या वेळी मी माझ्यात नव्हतेच." कोशातल्या दोन्ही शब्दांपेक्षा हे कितीतरी नेमकं.

तिच्यावर गुदरलेल्या त्या घटनेतलं काय आठवतं असं विचारलं तर पंख्याची कुरकुर आणि पडद्यावरची निळी नक्षी तिला चोख आठवत होती. आधी काय झालं, नंतर काय, तारीख कोणती, हे मात्र दर वेळी वेगळं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

त्याच आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर २०१८ पासून चालत आलेला वाद पुन्हा पेटला होता, 'मी टू'मध्ये जुन्या लैंगिक छळाबद्दल बोललेल्या बायकांवरून: इतक्या वर्षांनी बरं आठवलं हिला? आणि सांगते तेही धड नाही, आज एक, उद्या दुसरं. मी दोन-तीनदा लिहायला घेतलं आणि खोडलं. परदेशात बसून शहाणपण शिकवते, हा शेरा ठरलेला.

शिवाय शहाणपण शिकवावं असा इथला इतिहासही नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही थेरपिस्टांनी संमोहनाखाली लोकांच्या मनातून 'दडपलेल्या' आठवणी बाहेर काढण्याचा सपाटा लावला. लहान मुलांना तर उत्तर आतच असलेले प्रश्न विचारले गेले. कॅलिफोर्नियातल्या एका बालवाडीतला मुलांच्या छळाचा खटला १९९० पर्यंत चालला आणि शेवटी एकही आरोप सिद्ध झाला नाही. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी एका प्रयोगात २४ जणांना सांगितलं की तुम्ही लहानपणी दुकानात हरवला होतात. तसं काही घडलेलंच नव्हतं, तरी जवळपास चौथा हिस्सा लोकांना ते पूर्ण किंवा अर्धवट 'आठवलं'.

आपल्याकडे तोच भाबडेपणा दुसऱ्या वेषात आहे. मोठा गुन्हा घडला की लोक म्हणतात, नार्को करा, सगळं ओकेल. म्हणजे डोक्यात एक कॅसेट आहे आणि इंजेक्शन दिलं की ती वाजते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सक्तीच्या नार्को चाचणीला मनाई केली. त्या बाबतीत आपलं न्यायालय इथल्या त्या थेरपिस्टांपेक्षा कितीतरी जास्त भानावर होतं, हे मी इथल्या मित्रांना आवर्जून ऐकवते.

ग्रुपवर शंका घेणारे आणि सगळं जसंच्या तसं आत जपलेलं असतं म्हणणारे, दोघेही त्या कॅसेटवरच विश्वास ठेवतात. २००४ सालचा एक अभ्यास बघा. युद्धकैद्याचा अनुभव देणाऱ्या लष्करी प्रशिक्षणात ५०० हून अधिक जवान होते. ज्याने अर्ध्या तासाहून जास्त वेळ समोरासमोर दरडावून चौकशी केली, त्याला ओळख परेडमध्ये जेमतेम ३० टक्क्यांनी बरोबर ओळखलं. सौम्य चौकशीनंतर हे प्रमाण ६२ टक्के होतं. धडधाकट, तयारीतले जवान हे. तेव्हा तपशील गडबडला म्हणजे खोटं, हे टिकत नाही. गडबडला म्हणजे खरंच, हेही टिकत नाही. पुरावा शोधायचा तर तो वेगळा शोधावा लागतो.

आणि 'मी माझ्यात नव्हते वगैरे सगळं नाटक' म्हणणाऱ्यांसाठी उंदरांची गोष्ट. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांना केटामाइन हे भुलीचं औषध दिलं, तेव्हा मेंदूच्या मागच्या एका भागात सेकंदाला एक ते तीन ठोक्यांची संथ लय सुरू झाली. गरम पृष्ठभागावर ठेवल्यावर ते चटकन पाय उचलत, पण एरवी उंदीर चाटतो तसा तो पाय नंतर चाटत नसत. चटका पोचत होता, तो आपल्याला बसलाय याचं काही नव्हतं. अपस्माराच्या एका रुग्णातही तशीच लय सापडली आणि तो तुटलेपणाची भावना स्वतः सांगत होता. उंदीर कशाला नाटक करेल?

शेवटी अर्जात तारखेचा रकाना भरायचा राहिला होता. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं. ती म्हणाली, "धाकटी रांगत होती तेव्हा." मी तेवढंच इंग्रजीत सांगितलं आणि त्यांनी रकान्यात तेच लिहिलं.