मानद पुरस्कार द्यायचाय? मग आधी वही उघडा

आपल्याकडच्या छोट्या बास्केटबॉल क्लबांमध्ये मानद पुरस्काराचा विषय निघतो तो स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात. फ्लेक्स छापायला द्यायचा असतो, पाहुणे ठरलेले असतात आणि बैठक उठता उठता कुणीतरी म्हणतं, "अरे, त्या सरांचंही काहीतरी करू या ना." मग दुकानातली तयार ट्रॉफी येते, तिच्यावर नावाचा स्टिकर चिकटतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो. भावना चांगलीच असते, पण हा सत्कार झाला. सत्कार कुणाचाही करावा, वर्षातून दहा वेळा करावा: पाहुण्यांचा, देणगीदारांचा, दहावीत चांगले मार्क मिळवलेल्या पोरीचा. मानद पुरस्कार म्हणजे क्लबने ठराव करून कायमच्या नोंदवहीत लिहिलेलं ऋण. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की सगळं बिघडतं, असं माझं ठाम मत आहे.

सांगलीकरांना तर हे वेगळं सांगायला नको. विष्णुदास भावे गौरवपदक 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, इथेच दिलं जातं. तारीख ठरलेली आणि पदक एक. नाटकाला लावलेली ही शिस्त आपण मैदानालाही लावू शकतो.

पहिला प्रश्न, द्यायचा कुणाला? खेळाडूंना पदकं मिळतात, पेपरात नावं येतात. मानद पुरस्काराचा खरा हक्कदार बहुतेक वेळा कोर्टच्या कडेला, गुण लिहायच्या टेबलाशी बसलेला असतो. गुणलेखकाचं काम एकदा जवळून बघा. हातात दोन पेनं, पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला (सामन्याच्या चार भागांपैकी एकाला) लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं. प्रत्येक खेळाडूपुढे फाउलचे पाच चौकोन, पाचवा भरला की खेळाडू बाहेर. शिवाय संघाचे फाउल वेगळे मोजायचे. एका क्वार्टरमध्ये चार झाले की पुढच्या फाउलला समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो. यातला एक चौकोन चुकीचा भरला तर शेवटच्या दोन मिनिटांत भांडण ठरलेलं. शेजारी 24 सेकंदांचं घड्याळ, म्हणजे तेवढ्या वेळात संघाने बॉल रिंगकडे टाकलाच पाहिजे ते, सांभाळणारा असतो. बॉल रिंगला लागून परत आक्रमक संघाच्याच हातात आला की त्याला 24 नाही, 14 वर आणायचं असतं. हे काम वर्षानुवर्षं, बिनपगारी, मे महिन्याच्या उन्हात करणाऱ्या माणसाचं नाव विजयी संघाच्या फोटोत कधीच नसतं.

तसाच मैदान राखणारा. रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर हवी. पोरं लोंबकळतात, बोल्ट सैल होतात, रिंग पुढे झुकते आणि नवशिक्या मुलांचा नेम चुकीच्या मापावर बसतो. शिडी लावून, टेप धरून ती परत मापात आणणारा कुणीतरी असतोच. अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेमने, म्हणजे या खेळाच्या मानकऱ्यांच्या दालनाने, 1959 च्या पहिल्याच यादीत खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच यांच्याबरोबर 'योगदान देणारे' असा वेगळा वर्ग ठेवला. खुद्द खेळ शोधणाऱ्या जेम्स नेस्मिथ यांचं नाव त्याच वर्गात आहे.

निकष लिहूनच ठेवा. माझ्या मते किमान दहा वर्षांचं काम हवं, तेही मानधनाशिवाय. चालू कार्यकारिणीतला कुणी पात्र नाही, पद सोडल्यावर आणखी दोन वर्षं नाही. निव्वळ देणगी हा निकष नाही. देणगीदाराचं नाव बोर्डावर लिहा, बाकावर लिहा, त्यांचे मनापासून आभार माना, पण त्यांना या यादीत घालू नका. एकदा तसं केलं की आधीच्या सगळ्या मानकऱ्यांच्या पुरस्काराची किंमत कमी होते, आणि ती पुन्हा वाढवता येत नाही.

शिफारशीसाठी एक पानी अर्ज पुरतो. सूचक, अनुमोदक, दीडशे शब्दांत काम आणि सोबत पुरावा. पुरावा म्हणजे शिबिराची हजेरी, जुनी गुणपत्रकं, पावतीपुस्तकं, बैठकींची इतिवृत्तं. तोंडी आठवणींवर गेलात तर जो जास्त बोलका त्याचंच काम मोठं दिसतं. निवड समिती पाच जणांची असावी. त्यात एक माजी खेळाडू, एक महिला खेळाडू, एक पालक आणि एक क्लबबाहेरचा पंच किंवा क्रीडाशिक्षक नक्की असावा. नातेवाईकाचं नाव चर्चेला आलं की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं आणि इतिवृत्तात तशी ओळ लिहायची. पाचपैकी चार मतं पडली तरच पुरस्कार. मग कार्यकारिणीचा ठराव, त्याला क्रमांक. मानद आजीव सदस्यत्व देणार असाल तर त्याला मताधिकार आहे की नाही हे आधीच क्लबच्या घटनेत स्पष्ट करा. नाहीतर पुढच्या निवडणुकीत त्याच मतावरून वाद पेटतो, आणि ज्येष्ठ माणूस विनाकारण त्यात ओढला जातो.

आता तारीख. 29 ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन मनात येतो, पण तेव्हा आपलं उघडं मैदान चिखलात असतं. मी 15 जानेवारी सुचवतो. त्या दिवशी खाशाबा जाधवांची जयंती, आणि तोच आपला राज्य क्रीडा दिन. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. 1984 साली ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो 2000 सालचा, मरणोत्तर. पदक आणि पुरस्कार यांच्या मधे 48 वर्षं गेली. सातारा-सांगलीच्या माणसाला हा आकडा अजून टोचतो. आपल्या क्लबातले सत्तरीचे सर अजून सकाळी मैदानावर येतायत तोवरच त्यांचं नाव समितीपुढे आणा.

15 जानेवारीवरून उलटं मोजत या. 1 नोव्हेंबरला शिफारशी मागवायच्या, 30 ला बंद करायच्या. 15 डिसेंबरपर्यंत निवड. लगेच त्या व्यक्तीला घरी जाऊन सांगायचं आणि संमती घ्यायची. फोनवर किंवा ग्रुपवर नाही. काही माणसं नम्रपणे नको म्हणतात, तेव्हा आग्रह धरू नये. 20 डिसेंबरला मानचिन्हाची ऑर्डर, 5 जानेवारीला ते हातात. ऐनवेळेसाठी दहा दिवस राखून ठेवा, कारण घोळ होतो तो इथेच.

आणि घोळ होतो तो नावात. तुम्ही मोबाईलवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवता, दुकानातला जुना फॉन्ट आणि जुनं सॉफ्टवेअर तो उचलताना ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर टाकतं, रफार हलतो, जोडाक्षर फुटतं. म्हणून मजकूर पाठवून मोकळं होऊ नका. छापण्याआधीचा नमुना फोटोत मागवा, त्या व्यक्तीच्या घरच्यांकडून नाव तपासून घ्या आणि मगच पुढे जा म्हणा. ॲक्रिलिकवरचा स्टिकर उन्हाच्या भिंतीवर लवकर फिका होतो, कडा सुटतात. सागवानी ढालीवर पितळी पट्टी आणि त्यावर कोरलेली अक्षरं टिकतात. आकार मोठा नको, आठ बाय दहा इंच पुष्कळ झाला. ज्येष्ठ माणसाला तो एका हाताने धरता आला पाहिजे.

मानपत्रातलं "क्रीडा क्षेत्रातील उल्लेखनीय योगदानाबद्दल" हे वाक्य आता कायमचं बंद करा. ते कुणालाही लागू पडतं. त्याऐवजी असं काहीतरी लिहा: "सलग 14 उन्हाळी शिबिरांत पहाटे साडेपाचला मैदानाचं कुलूप उघडल्याबद्दल, दर पावसाळ्यानंतर पट्टे स्वतः रंगवल्याबद्दल आणि मुलींच्या संघासाठी संध्याकाळची वेळ राखून ठेवल्याबद्दल." हे ऐकताना मागे बसलेल्या माजी खेळाडूंना ती किल्ली, तो रंगाचा डबा दिसतो. साठ-सत्तर शब्दांचं असावं, आणि वाचायला त्यांच्याच हाताखाली शिकलेली एखादी मुलगी उभी करावी.

समारंभ मध्यंतरात उरकू नका. मध्यंतर 15 मिनिटांचं असतं आणि शेवटची काही मिनिटं संघांना सरावासाठी द्यावीच लागतात. दोन भाषणं लांबली की पंच घड्याळाकडे बघत उभे, खेळाडू थंड पडलेले, मान घेणारा संकोचलेला. अंतिम सामन्याच्या आधी पाऊण तास कार्यक्रम सुरू करा, म्हणजे सामन्याआधीची 20 मिनिटं संघांना पूर्ण मिळतात. नारळ कोर्टवर अजिबात फोडू नका, हारही कोर्टच्या बाहेरच घाला. सांडलेलं पाणी आणि तुडवलेल्या झेंडूच्या पाकळ्या यांवर धावता बूट सरकतो आणि घोटा जातो. खुर्च्या सीमारेषेबाहेर मांडा. लोखंडी पाय ओढले की सिंथेटिक थरावर ओरखडे पडतात आणि पुढे तिथूनच पोपडे सुटतात.

मोठ्या लीगचं बघून जर्सी निवृत्त करायची, म्हणजे तो क्रमांक पुन्हा कुणालाच द्यायचा नाही, अशी टूम हल्ली ऐकू येते. अमेरिकेतल्या एनबीए या लीगने 2022 साली दिग्गज खेळाडू बिल रसेल यांचा 6 क्रमांक सगळ्या संघांसाठी निवृत्त केला, ते त्यांना शोभतं. आपल्याकडे बारा जर्सींचा एकच संच असतो, बहुधा 4 ते 15. त्यातली एक काचेत लावली तर बारावं पोर काय घालणार? फोटो लावा, जर्सी खेळू द्या.

स्मृती पुरस्कारासाठी ठेव घेताना गणित आधी करा. 25 हजारांवर 6 टक्क्यांनी वर्षाला दीड हजार मिळतात. त्यात ढाल आणि मानपत्राची फ्रेम आज कशीबशी बसेल, दहा वर्षांनी बसणार नाही. म्हणून पुरस्कार किती वर्षांसाठी आहे हे स्वीकारतानाच लिहून घ्या आणि रक्कम क्लबच्या खात्यात चेकनेच घ्या.

शेवटी ती वही. अनुक्रमांक, नाव, ठराव क्रमांक, तारीख, मानपत्राचा पूर्ण मजकूर, फोटो. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटातला कागद अशा वेळी वाचत नाही. म्हणून वहीचं प्रत्येक पान स्कॅन करून एक प्रत ऑनलाइन ठेवा, एक विट्याला किंवा साताऱ्याला कुणा माजी खेळाडूकडे द्या. आणि ज्या वर्षी चार मतं कुणालाच पडली नाहीत, त्या वर्षाची ओळही सोडू नका. "या वर्षी पुरस्कार नाही" असं लिहून खाली पाचही जणांच्या सह्या घ्या.