आयाहुआस्का म्हणजे पेयोटी नव्हे

‘आयाहुआस्का हा पेयोटी निवडुंगाचाच काढा’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. पेयोटी हा मेक्सिको आणि दक्षिण टेक्सासमधला बिनकाट्यांचा बुटका निवडुंग. त्यातलं मेस्कलिन हे भास घडवणारं द्रव्य जर्मन औषधशास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर यांनी १८९७ मध्ये वेगळं केलं. अंमल १०-१२ तास.

आयाहुआस्का हा भास घडवणारा काढा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला. त्यात निवडुंग नाहीच. एक वेल आणि चाक्रुना या झुडपाची पानं एकत्र उकळतात. पानांतलं डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य नुसतं प्यायलं तर पोटातलं एन्झाइम ते निकामी करतं. वेलीतलं हार्मिन हे द्रव्य त्या एन्झाइमलाच अडवतं (खरी करामत वेलीची!). अंमल साधारण ४ तास, बहुतेकांना उलट्याही. याच अडवणुकीमुळे नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असताना हा काढा जिवावर बेतू शकतो. फिरत्या मजकुरात नेमकं हेच नाही.