पॉप्लरची रांग तोडण्याची घाई

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा एक संदेश माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि एसेक्समधल्या आपल्या ऐसपैस बागेच्या कडेची लोंबार्डी पॉप्लर या उंच, निमुळत्या झाडांची रांग तोडायला ती निघाली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेश सांगतो की पॉप्लरचा कापूस म्हणजे परागकण, त्याने मुलांना दमा होतो आणि म्हणूनच काश्मीरमध्ये न्यायालयाने या झाडांवर बंदी आणली. त्याची मुळे शंभर मीटरवरच्या घराचाही पाया फोडतात. तेव्हा झाड आजच्या आज काढा, म्हणजे घर वाचेल.

कापूस हा पराग नव्हे. तो बियांवरचा तंतू असतो आणि फक्त मादी झाडांवर येतो. अठराव्या शतकात इटलीतून इंग्लंडमध्ये आलेले लोंबार्डी पॉप्लर छाट कलमांनीच वाढवतात आणि ते नर असते. बहिणीच्या बागेत कापूस उडणार कुठून? जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाचा २०१५ सालचा आदेशही मादी झाडांपुरता होता, आणि ती झाडे मूळची अमेरिकेतल्या वेगळ्या जातीची. नर झाडांचा पराग वसंतात उडतो आणि काहींना त्याचे वावडे असते, एवढे मान्य.

मुळांच्या मुद्द्यात निम्मे तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करावे लागते. एसेक्सच्या मोठ्या भागात चिकणमाती आहे. कोरड्या उन्हाळ्यात झाडांनी पाणी ओढले की ती आकसते आणि पाया खचतो. १९७६च्या अवर्षणात याचा तिथे चांगलाच अनुभव आला. पाणी ओढण्यात पॉप्लर अग्रेसर आहे, तेव्हा ते घरालगत लावूच नये. मात्र लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाने १९७०च्या दशकात इमारतींना झालेल्या नुकसानीच्या नोंदी गोळा केल्या, त्यांत पॉप्लरचे सर्वांत लांबचे अंतर तीस मीटर भरले. बहिणीची रांग घरापासून त्याहून लांब आहे.

खरा धोका त्या शेवटच्या सल्ल्यात आहे. घराजवळचे मोठे झाड एकदम तोडले की वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली चिकणमाती हळूहळू पाणी पिऊन फुगते आणि पाया वर उचलला जातो. हे फुगणे काही वर्षे चालू राहू शकते. घर झाडाच्या आधीचे असेल तर सहसा माती पूर्वस्थितीला येते, पण झाड आधीचे आणि घर नंतर त्या कोरड्या मातीवर बांधलेले असेल, तर घर वाचवण्यासाठी घातलेली कुऱ्हाडच त्याच्या भिंतींना तडे पाडू शकते. हे तपासायला अभियंता लागतो, गटातला हितचिंतक नव्हे.

शिवाय झाड तोडू नये म्हणून स्थानिक परिषदेने काढलेला संरक्षण आदेश त्याला लागू असेल, तर तिच्या परवानगीविना ते तोडणे गुन्हा आहे. संदेशात याचा उल्लेखही नाही. लोंबार्डी पॉप्लर फार दीर्घायुषी नसते आणि त्याच्या फांद्या ठिसूळ असतात, तेव्हा जुन्या झाडांची जाणकाराकडून तपासणी अवश्य करून घ्यावी, आणि जे झाड पोखरलेले निघेल तेवढेच काढावे.