गावात माणसं कमी म्हणजे शेती सुटली असं नाही

घाटाकडच्या गावांवरचा एक लेख वाचला. तिथली माणसं घटली म्हणजे लोकांनी शेती सोडली असा त्याचा सूर आहे, मला तो अजिबात पटला नाही. एकतर त्यातले आकडे २०११ च्या जनगणनेचे, २०२१ ची झालीच नाही, आता २०२७ ला होतेय. दुसरं म्हणजे आमच्याकडे, वेल्हे-भोरच्या पट्ट्यात, भाताचं एकच पीक. उन्हाळ्यात राब भाजायचा (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा), जुलैत लावणी, दिवाळीच्या आगंमागं कापणी झोडणी, मग पुढं पाणीच नाही तर माणूस काय करणार, तो पुण्यात येतो, मार्केट यार्डात हमाली, साइटवर काम नाहीतर वॉचमनकी. रेशनकार्ड आणि मतदान गावात, भाड्याची खोली धनकवडीत. लावणीला रजा टाकून परत शेतात. आता हा शेतकरी का मजूर, आणि राहतो कुठं, सांगा बरं?

आणि बायकांचं तर लेखात नावच नाही. जनगणनेच्या व्याख्येत घरच्या शेतातलं बिनपगारी काम पण कामच धरतात, पण माहिती लिहायला दारात आलेल्याला घरातला पुरुषच सांगतो "ती घरीच असते". माझी आई पहाटे धार काढून डेअरीला दूध घालते, फॅट कमी लागली की तिथंच वाद घालते, मग दिवसभर चिखलात वाकून लावणी. ती कागदावर गृहिणी! सहा महिन्यांपेक्षा कमी काम असलं की सीमांतिक कामगार लिहितात, तेवढं तरी लिहा. २०२७ ला जनगणनेचा प्रगणक दारात आला की घरातल्या बाईलाच पुढं करा आणि तिलाच बोलू द्या, प्लीज.