‘नाहीतरी सगळं पाणी शुद्ध होऊनच जातं ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पावसाळी गटारांवरच्या लेखात मी गटारात ऑइल ओतणाऱ्या गॅरेजवाल्या पोरांना आणि घरच्या साबणाच्या पाण्याला धारेवर धरलं, कारखान्यांना मात्र सोडलं. आणि नाहीतरी सगळं पाणी शुद्ध होऊनच समुद्रात जातं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, सगळा घोळ तिथेच आहे. मुंबईत संडास-बाथरूमचं पाणी नेणारी मलवाहिनी वेगळी, पावसाचं पाणी नेणारी पर्जन्यजल वाहिनी वेगळी. कुलाब्यापासून भांडुपपर्यंतची सातही प्रक्रिया केंद्रं मलवाहिन्यांच्या टोकाला आहेत. रस्त्याकडेच्या जाळीतून आत गेलेलं पाणी नाल्यात, तिथून मिठी नदीत किंवा खाडीत. काही नाल्यांचं उन्हाळी पाणी अडवून मलवाहिनीकडे वळवतात, पण ती मलमपट्टी.

कारखान्यांचं म्हणाल तर मान्य, त्यांना दोनच ओळी मिळाल्या. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ घातक पाणी नदीनाल्यात सोडायला बंदी घालतं. त्यात लहानमोठा असा भेद नाही.

पण घरचं पाणी किरकोळ, हे काही पटत नाही. आमच्या सोसायटीत भर एप्रिलमध्ये गेटजवळच्या पावसाळी चेंबरमधून खळखळ ऐकू यायची. सकाळी सातनंतर जोरात, दुपारी बंद. झाकण उचललं तर पांढरा फेस, आणि भिंतीला कपड्यांच्या तंतूंचा राखाडी लगदा. प्लंबरनं चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत हिरवा रंग ओतला. थोड्याच वेळात खाली हिरवं पाणी! अख्ख्या विंगची वॉशिंग मशीन गॅलरीत, आणि नळ्या गॅलरीच्या पावसाळी पाइपात. त्यातली एक माझी. हे लेखात लिहायचं मी टाळलं, तेवढी लबाडी झाली खरी. नळ्या नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे मलवाहिनीला जोडलेल्या मोरीच्या तोंडाकडे, वळवायला दोन दिवस लागले. सभेची मंजुरी मिळवायला चार महिने.

गॅरेजच्या पोराला मी गुन्हेगार म्हटलं नव्हतं. काळं ऑइल डब्यात साठवलं तर विकत घेणारे येतात, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझा राग आहे तो रात्री दोनला झाकण सरकवून मैल्याचा टँकर रिकामा करणाऱ्यांवर. दिसला तर गाडीचा नंबर आणि वेळ टिपून पालिकेच्या १९१६ वर कळवा. भांडायला खाली उतरू नका.

आणि येत्या उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊच्या दरम्यान तुमच्या इमारतीचं पावसाळी चेंबर वॉचमनला सांगून उघडून बघा. कोरडं निघालं, तर इथेच येऊन मला चार शब्द सुनवा.