वकीलसाहेब, वेबसाइटला हात लावू नका

वकिलांच्या आचारसंहितेतला नियम ३६ तुम्हाला मी काय सांगणार, वकिलाला जाहिरात करता येत नाही, पाटीसुद्धा बेताच्या आकाराची लावायची. २००८ साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने जरा सैल सोडलं आणि वेबसाइटला परवानगी दिली, त्यातही नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा नंबर आणि तारीख, शिक्षण आणि कुठल्या प्रकारची कामं घेता, साधारण एवढंच. म्हणजे चौकात फ्लेक्स नाही, पेपरात जाहिरात नाही, रिक्षाच्या पाठीवर फोटो नाही. ओळखीपाळखी सोडल्या तर अनोळखी पक्षकाराने मोबाइलवर शोधावं आणि तुम्ही सापडावं, एवढा एकच दरवाजा उरतो. तो आतून कडी घालून नीट बंद कसा करायचा हे कोणीतरी सांगायला पाहिजे ना. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टाच्या आसपासच्या फर्म डोळ्यापुढे ठेवून लिहितोय, पण नाशिक-कोल्हापूरवाल्यांनी पण बिनधास्त वापरावं.

सगळ्यात आधी, साइट आहे तशीच राहू द्या. बनवताना पैसे मोजलेत, सीनियर पार्टनरच्या हस्ते माउस क्लिक करून उद्घाटन झालंय, पेढे वाटून झालेत, आता परत कशाला? पत्त्यात एचटीटीपीच्या मागे एस (म्हणजे मधे कोणी वाचू न शकणारी सुरक्षित जोडणी) नाही, नसू दे. गुगलने ऑगस्ट २०१४ मध्येच सांगितलं होतं की एस असेल त्याला रँकिंगमध्ये थोडं झुकतं माप देणार (थोडंच हां, पण देणार), आणि जुलै २०१८ मध्ये क्रोम ६८ आलं तेव्हापासून एस नसलेल्या प्रत्येक साइटच्या पत्त्याशेजारी 'नॉट सिक्युअर' दिसतं. तुमच्या पण दिसतं. एखादी बाई घटस्फोटाचं विचारायला साइटवर येते, घरात फोन तपासतात म्हणून आधीच घाबरलेली, फॉर्ममध्ये नाव-नंबर टाकायला जाते आणि वर ब्राउझर सांगतो की इथे काही सुरक्षित नाही. ठीक आहे की. गोपनीयता हा आपल्या पेशाचा पाया आहे असं 'अबाउट अस'मध्ये लिहिलंय, तेवढं पुरे. त्या एससाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट मिळतं, लेट्स एन्क्रिप्टवाले डिसेंबर २०१५ पासून सगळ्यांना वाटतायत, पण फुकट मिळतं त्यात काहीतरी गडबड असणारच, असं आपण पक्षकारांना नेहमी सांगतोच. आता गुगलने असंही जाहीर केलंय की ऑक्टोबर २०२६ पासून अशा साइटवर पहिल्यांदा जाताना क्रोम आधी अडवून विचारणार, जायचंच आहे का? ज्याला जायचंय तो जाईल, आपण थोडंच कोणाला ओढून आणतोय.

मग येतो डिस्क्लेमर, आणि इथे मात्र मनापासून काम करायचं. साइट उघडली की पडदाभर मजकूर, आम्ही जाहिरात करत नाही, तुम्ही स्वतःहून आलात, तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही, खाली 'आय अ‍ॅग्री'चं बटण. दारात आलेल्या पाहुण्याकडून 'मी बिनबोलावता आलोय' असं लिहून घेऊन मगच चहाचं विचारावं, तसला प्रकार. पण ही डिस्क्लेमरची पाटी असण्याला हरकत नाही, सगळ्यांकडे असते, कारागिरी आहे ती लावण्यात. चांगला डेव्हलपर ती पाटी पानाच्या वर तरंगत ठेवतो, खालचा मजकूर जागच्या जागी असतो. तुम्ही असलं काही करू देऊ नका. तुम्ही असा बंदोबस्त करा की बटण दाबून कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली खूण) पडल्याशिवाय आतलं एकही पान उघडणार नाही, कोणी कुठल्याही लिंकवरून येवो, आधी त्याची रवानगी डिस्क्लेमरच्या पानावर. आता गंमत बघा, गुगलचा बॉट, म्हणजे साइट वाचत फिरणारा प्रोग्राम, असली बटणं दाबत बसत नाही आणि एका पानावर मिळालेली कुकी पुढच्या पानावर नेत पण नाही. तो बिचारा 'मालमत्ता' पानावर जातो, डिस्क्लेमर. 'कौटुंबिक'वर जातो, डिस्क्लेमर. 'संपर्क'वर जातो, परत डिस्क्लेमर. शेवटी त्याच्या दप्तरी नोंद होते की या फर्मचं एकच काम आहे, जाहिरात न करणे. आणि मोबाइलवर ते बटण स्क्रीनच्या खाली गेलं पाहिजे आणि पाटी सरकता कामा नये, म्हणजे माणसं पण बॉटच्या रांगेत येऊन उभी राहतात. (कोणीतरी शहाणा सांगेल की गुगल आता साइट मोबाइलच्याच नजरेने वाचतो, जुलै २०२४ नंतर तर उरल्यासुरल्या साइटसुद्धा. त्याला म्हणावं, आमचे जजसाहेब अजून कागदावरच वाचतात.)

फोटोचं थोडक्यात सांगतो. तीन पार्टनर, मागे एआयआर या निकालसंग्रहाच्या खंडांचं कपाट, फोटोग्राफरने दिलेली ओरिजिनल फाइल जशीच्या तशी चढवायची, लहान केली तर इज्जत कमी होते. त्याच्याखाली हातोड्याचं चित्र लागतंच, जरी आपल्या कुठल्या कोर्टात जज हातोडा आपटताना कोणी बघितला नसला तरी. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसायला पाहिजे असं गुगलचं म्हणणं आहे. जिथे दाव्याचा निकाल लागायला दोन पिढ्या जातात तिथे अडीच सेकंदांची काय ती घाई!

मराठी मजकूर? तो घालाच, पण जुन्या फॉन्टमध्ये. ऑफिसातल्या टायपिस्टकडे वीस वर्षांपूर्वीचा नॉन-युनिकोड फॉन्ट आहे ना, त्यात 'वारसा हक्क' टाइप करून तसाच साइटवर चिकटवायचा. टायपिस्टच्या मशीनवर सुरेख दिसतं, जगात बाकी सगळीकडे आत दडलेली इंग्रजी अक्षरं आणि कंस-डॉलर बाहेर येतात, आणि गुगल तेच वाचतो. युनिकोडचा फारच आग्रह झाला तर मजकुराचा स्क्रीनशॉट काढून चित्र म्हणून टाका, फोन नंबर पण त्यातच, म्हणजे बोट लावून कॉल करता येणार नाही. माणसं काय शोधतात तर 'आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस नोंद कशी करायची', 'बिल्डर सोसायटीला कन्व्हेयन्स देत नाही'. तुमच्या साइटवर काय लिहिलंय तर 'सिव्हिल, क्रिमिनल, कॉर्पोरेट, फॅमिली अँड ऑल अलाइड मॅटर्स'. नियम तुम्हाला कामाचं क्षेत्र लिहू देतो, मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डर देत नसला तरी सोसायटीला मिळणारं जागेच्या मालकीचं कन्व्हेयन्स, हे शब्द लिहिले म्हणून कोणी सनद काढून घेत नाही, पण उगाच रिस्क कशाला घ्या.

तरीही रँकिंगची हौस असेलच तर फोन येईल त्याची वाट बघा. येतोच. 'सर, पहिल्या पानावर, पहिला नंबर, गॅरंटी.' पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही असं खुद्द गुगल सांगतं, पण गुगलला काय कळतं गुगलमधलं. हा माणूस आधी कीवर्डचा टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी) गच्च भरेल, जो आपण रँकिंगसाठी बघतच नाही असं गुगलने २००९ मध्ये सांगून टाकलंय. मग कुठल्या कुठल्या साइटवरून विकतच्या लिंका जोडेल, ज्यांच्यासाठी २०१२ पासून गुगल साइटी खाली ढकलत आलाय. आणि शेवटी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात 'बेस्ट डिव्होर्स लॉयर इन पुणे' पन्नास वेळा लिहील. पक्षकाराला ते दिसत नाही. गुगलला दिसतं, स्पॅम म्हणून. आणि तुमच्यावर खार खाऊन असलेल्या समोरच्या वकिलाने माउसने पान सिलेक्ट केलं की त्याला पण दिसतं, आणि मग तो बार कौन्सिलकडे लिहितो. जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन जाहिरातबाजीवरून कान पिळल्यापासून बार कौन्सिलचा मूड तसा चांगला नाहीये. एकाच खर्चात दोन्हीकडून शिस्तभंग, असं पॅकेज दुसरं कोण देतं?

एवढी मेहनत जमत नसेल तर शॉर्टकट आहे. साइट वर्डप्रेसवर असेल तर सेटिंग्जमध्ये रीडिंग नावाच्या पानावर एक छोटी चौकट असते, सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये अशी. साइट बनत असताना डेव्हलपर तिथे टिक करतो आणि बऱ्याचदा काढायची विसरतो. ती तशीच असू द्या. तुम्ही पत्ता टाइप करून साइट उघडता, उघडते, दिसते छान, तुम्ही खूश.

आणि समजा घरातल्या इंजिनियर भाच्याने ऐकलंच नाही आणि सर्टिफिकेट बसवलंच, तरी घाबरायचं कारण नाही, ते संपतं. मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. सरळमार्गी लोक ते आपोआप नव्याने घ्यायची सोय करून मोकळे होतात. तुम्ही कारकुनाच्या डायरीत लिहून ठेवा, रिमांड आणि स्टेच्या तारखांच्या मध्ये कुठेतरी, म्हणजे मुदत हमखास टळेल आणि ब्राउझर आख्खं पान अडवून बसेल. तिथे मुदतवाढीचा अर्ज चालत नाही. कारकुनाला आठवलं तरी लॉगिन जुन्या डेव्हलपरच्या ईमेलवर आहे, आणि तो पोरगा लग्न होऊन बेंगळुरूला गेलाय, शेवटचं बिल तुम्ही दिलं नव्हतंत म्हणून फोन उचलत नाही.