चार अर्धवट कामं आणि सात मिनिटांचं कार्टून

गेले काही आठवडे घरच्या मंडळींच्या गटात एकच विषय धुमसतोय. कुणीतरी एक मजकूर पाठवला: हल्लीच्या बायका एक भरतकाम धड संपवत नाहीत तोवर दुसरं उघडून बसतात, आणि वर चाळिशी उलटली तरी लहान मुलांची कार्टुनं बघतात, ही धरसोड आणि हा बालिशपणा एकाच मुळातून आलेला आहे. त्याखाली अंगठे आले, हात जोडलेले आले, 'अगदी खरं' आलं. एका काकांनी भर घातली की त्यांच्या आईनं हातातली गोधडी पुरी केल्याशिवाय दुसरीला कधी टाका घातला नाही.

मला या मजकुराचा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. लिहिणाऱ्यानं सुई हातात धरलेली नाही, हे पहिल्या ओळीतच कळतं. कार्टूनही त्यानं बसून पाहिलेलं नसावं.

आधी सुईचं बोलू. तीन-चार कामं एकाच वेळी चालू असणं ही धरसोड नव्हे, ती वाटणी असते. प्रत्येक काम आपल्याकडून वेगळं काही मागतं. एकाला डोळे लागतात, एकाला मोजणी, एकाला नुसती बोटं. दिवसभर राबून आल्यावर यातलं काय शिल्लक आहे ते बघायचं आणि त्याप्रमाणे पिशवी उचलायची.

लोकरीचा साधा मोजा घ्या. फोर-प्लाय म्हणजे बारीक लोकर १०० ग्रॅम, अडीच मिलिमीटरच्या सुया, ६४ टाके. वरची पट्टी झाली की टाचेपर्यंत आणि टाचेपासून बोटांपर्यंत गोल गोल सुलटच विणत जायचं. डोकं लागतं ते टाच वळवताना. हे काम ट्रेनमध्ये होतं, फोन कानाला असताना होतं, इथे ब्रिटनमध्ये हिवाळ्यात चार वाजता काळोख पडल्यावर होतं. जाळीची शाल याच्या अगदी उलट. तिची प्रत्येक ओळ वेगळी, आणि सुईवर घ्यायचा एक वेढा राहिला तर ते तीन-चार ओळींनंतर कळतं, तेव्हा उसवण्याशिवाय गत्यंतर नसतं. म्हणून नक्षीची एक फेरी पुरी झाली की वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा त्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांमधून ओवून ठेवायचा. पुढे कितीही उसवावं लागलं तरी उसवण तिथे थांबते. ही शाल सकाळी, शांत घरात आणि ताज्या डोळ्यांनीच करायची.

तिसरं काम फुलीच्या टाक्यांचं. १४ काउंटचं आयडा कापड म्हणजे इंचाला १४ घरं. नमुना १४० फुल्या लांब आणि १४० रुंद असेल तर चित्र १० इंच भरतं. फ्रेमसाठी चारी बाजूंना तीन-तीन इंच सोडले तर १६ इंचांचं कापड घ्यावं लागतं. हे आधी मोजलं नाही तर चित्र पुरं होतं आणि फ्रेमवाला हात वर करतो. सहापदरी दोऱ्यातले दोन पदर घ्यायचे, लांबी ४५ सेंटिमीटरच्या आसपास. जास्त लांब घेतला तर कापडातून ये-जा करून शेवटचा भाग पिसारतो आणि गाठी पडतात. फुलीची वरची तंगडी सगळीकडे एकाच दिशेला पडली पाहिजे, नाहीतर दुरून बघताना कापडावर डाग पडल्यासारखा फरक दिसतो.

आता समजा, काकांचा नियम लावला आणि एका वेळी फक्त शाल. मग दमलेल्या सगळ्या संध्याकाळी एकतर हात रिकामे, नाहीतर शालीचा सत्यानाश. दमलेला, वैतागलेला हात टाका आवळतो. पेंगणारा हात सैल सोडतो. हा फरक डोळ्यांना क्षुल्लक वाटतो, पण हिशोब करून बघा. डीके म्हणजे मध्यम जाडीच्या लोकरीला चार मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरला २२ टाके धरतात. २२० टाक्यांच्या स्वेटरची छाती मग १०० सेंटिमीटर होते. तेच विणकाम सैल होऊन १० सेंटिमीटरला २० टाके बसले तर छाती ११० होते. स्वेटर ज्याच्यासाठी विणला त्याच्या भावाला द्यावा लागतो.

अर्धवट कामं खराब होतात हे मला मान्य आहे. पण ती का खराब होतात ते या मजकुरात कुठेच नाही. एका कामातली सुई दुसऱ्यासाठी काढून घेतली आणि नंतर अंदाजानं वेगळ्या मापाची घातली, की कापडात आडवा पट्टा दिसतो. सुई हवीच असेल तर टाके जाड दोऱ्यावर उतरवून सुईचं माप चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी त्याच पिशवीत टाकायची. कापड भरतकामाच्या रिंगमध्येच ठेवून उठलं तर गोल वळ पडतो आणि त्या वळात मळ बसतो. दर वेळी उठताना रिंग काढायचीच. लोकर अर्धी घेतली आणि उरलेली 'पुढच्या महिन्यात' म्हणून ठेवली, तर नवा गुंडा वेगळ्या घाण्यातला निघतो, रंगात पुसट फरक येतो आणि तो बरोबर पोटावर दिसतो. ५० ग्रॅमचे लागतील तेवढे सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, एकदमच घ्यायचे आणि वर एक जास्तीचा. पाण्यानं जाणाऱ्या निळ्या शाईच्या पेननं आखलेल्या रेघा धुण्याआधी इस्त्री केली तर त्या कायमच्या बसतात. गरम केल्यावर उडणाऱ्या शाईनं आखू नये, ती कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते. आणि कसर, लोकर खाणारी कीड. इथल्या जुन्या घरांत गालिच्याखाली कसर असतेच. महिनोन्‌महिने पडून राहिलेलं लोकरीचं काम हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवायचं, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर लोकर दमट होते.

यातलं एकही कारण स्वभावाचं नाही. ही सगळी पिशवी, चिठ्ठी आणि हिशोबाची कामं आहेत.

काकांच्या आईंबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण गोधडी पसरायला अख्खी खोली लागते आणि पाहुणे आले की ती गुंडाळून ठेवावी लागते. त्या गुंडाळलेल्या दिवसांत आपल्या घरांतल्या बायकांचे हात रिकामे नव्हते. लग्न ठरलं की रुखवतासाठी टेबलक्लॉथ, क्रोशाचं तोरण, भरलेले रुमाल, मण्यांचे पडदे एकाच वेळी चालू असायचे. दुपारी रेडिओवर वनिता मंडळ लागलेलं असायचं. हातात काम आणि कानाला सोबत, ही रीत त्याच घरांतून आलेली आहे. तेव्हा कुणी रेडिओला बालिश म्हटलं नाही.

आता कार्टून. इथेच सगळ्यांचा मुद्दा घसरतो, कारण त्यांना वाटतं की कार्टून गोष्टीसाठी बघतात. थोडं गोष्टीसाठी बघतातच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सुई हातात असलेल्या बाईला कार्टून सोसतं त्याची कारणं अगदी व्यवहाराची आहेत.

चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागतो. तो लावून टाका स्पष्ट दिसतो, पण समोरचा टीव्ही पुसट होतो. माणसांच्या मालिकेत पुसट चेहऱ्यावरचा भाव कळत नाही, मग चष्मा वर-खाली करत राहावं लागतं आणि तेवढ्यात घर चुकतं. कार्टूनमध्ये जाड रेघ असते, सपाट रंग असतात, प्रत्येक पात्राचा आकार वेगळा असतो. जवळच्या चष्म्यातूनही कोण आलं, कोण गेलं ते कळतं. परक्या भाषेतली मालिका मी कधीच लावत नाही. खालच्या ओळी वाचायला डोळे लागतात आणि डोळे कापडावर असतात. टीव्ही खोलीच्या पलीकडेच हवा, मांडीवरचा फोन नको. मान वर होते, नजर लांब जाते, आणि खांदे धरत नाहीत.

मग लांबी. 'ब्लुई' या कुत्र्यांच्या कुटुंबाच्या कार्टूनचा एक भाग सात मिनिटांचा. फुलीच्या कामात ४५ सेंटिमीटरच्या दुपदरी दोऱ्यात पस्तीस-चाळीस फुल्या होतात, म्हणजे सावकाश भरणाऱ्या हाताला दोन-अडीच भाग. भाग संपला की मान उचलायची, टाके मोजायचे, नमुन्यावर भरलेली घरं खोडायची. पाऊण तासाच्या मालिकेत ही थांबण्याची जागा मिळत नाही आणि चूक पाऊण तास पुढे जाते.

पण कुठलंही कार्टून कुठल्याही कामाला चालत नाही. 'शॉन द शीप'मध्ये एक शब्द बोलत नाहीत, सगळा विनोद हालचालीत. ते फुलीच्या कामाबरोबर लावलं तर एकतर गंमत जाते, नाहीतर फुली. त्याची जागा मोज्याबरोबर. मोजणीच्या कामाला बोलकं कार्टून हवं, आणि तेही आधी पाहिलेलं, म्हणजे काही निसटलं तरी हरकत नाही. आकडे शिकवणारी गाणी मात्र मोजताना मुळीच नकोत; आपण सतरावर असतो आणि ते पाचवर. जाळीच्या शालीबरोबर काहीच लावू नये. पाठलाग आणि खून असलेलं काही लावलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी टाके बघा, आवळलेली ओळ बोटाला लागते.

चाळिशीतली जी मंडळी आज हसतायत, त्यांना फिल्म्स डिव्हिजनची १९७४ सालची 'एक अनेक और एकता' अजून तोंडपाठ आहे. तीही सात मिनिटांचीच. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर जंगलातल्या मोगलीची जपानी मालिका लागायची तेव्हा घरातली मोठी माणसं पेपर बाजूला ठेवून बसत होती. आणि आज हसणाऱ्या कितीतरी घरांत भाजी निवडताना ओळीनं मालिका चालू असतात, ज्यात तीन भाग एकच थप्पड पुरते. त्याला करमणूक म्हणायचं आणि याला बालिशपणा, ही विभागणी मला मान्य नाही.

इथे यावरून कुणी कुणाला टोकत नाही. २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली प्रेक्षकांत बसून विणत होता, पदकासाठी त्यानं लोकरीची पिशवीसुद्धा विणली, आणि सगळ्या देशाला त्याचं कौतुक वाटलं. सीबीबीज या बीबीसीच्या लहान मुलांच्या वाहिनीवर रात्री सात वाजायला दहा मिनिटं असताना मुलांना गोष्ट वाचून दाखवायला टॉम हार्डीसारखा नट येतो. २०२२ मध्ये केट मिडलटनही येऊन वाचून गेली. त्या दहा मिनिटांसाठी मोठी माणसं टीव्ही लावतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यावर बोलतात. वाचनालयात बुधवारी विणायला जमणाऱ्या बायकांच्या पिशव्यांत अर्धवट कामंच असतात. तिथे विचारतात, 'काय चाललंय?' 'संपलं का?' असं कुणी विचारत नाही.

पण एक गोष्ट लिहिली नाही तर हे सगळं अर्धं राहील. इथे मला कुणी टोकत नाही, कारण टोकण्याइतकं जवळ इथे कुणी नाही. न विचारता दार ढकलून आत येणारं, माझ्या खुर्चीवरची पिशवी उचलून 'हे अजून तसंच का गं?' म्हणणारं माणूस या शहरात मला नाही. ज्या मोकळेपणाचं मी वर एवढं कौतुक केलं, त्यातला बराचसा भाग लांबपणाचा आहे. गटातला तो मजकूर वाचून मला राग येतो, पण तो मला उद्देशून असू शकतो असं वाटणं, हेही अजून तिथलं असण्यासारखंच आहे.

कार्टूनचंही तेच. माझ्या वयाची इथली माणसं लहानपणीच्या ज्या गाण्यांवर, ज्या बाहुल्यांवर, ज्या शाळेच्या जत्रांवर हसतात, त्यातलं माझ्याकडे काही नाही. मी या देशात कधी लहान नव्हते. चिखलात उड्या का मारायच्या, आजारी मुलाला काय खायला देतात, आजी-आजोबांना भेटायला गेल्यावर कसं बोलतात, कशाला हसायचं आणि कशाची माफी मागायची, हे मी मुलांसाठी केलेल्या कार्यक्रमांतून शिकले. मोठ्यांच्या कार्यक्रमांत ते सगळं ठाऊकच आहे असं धरून चालतात. पुण्यातली माझी भाचरं आज काय बघतात हे मात्र मला विचारावं लागतं, आणि ती सांगतात ती नावं मला ओळखीची वाटत नाहीत. दोन्हीकडचं बालपण असं थोडंथोडं हातातून सुटलेलं असताना कुणी मला बालिश म्हणावं, हे मला लागतं.

तर काका, तुमच्या नव्या घराच्या दारासाठीचं तोरण. ३६ इंचांचं दार, २० नंबरचा पांढरा सुती दोरा, सव्वा मिलिमीटरची क्रोशाची सुई. एक फूल आधी धुऊन, वाळवून मोजलंय, कारण सुती दोरा पहिल्या धुण्यात आखडतो आणि दारात मग दोन इंच कमी पडतात. खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, मोजायला दिवसाचा उजेड लागतो, तो ऑक्टोबर सरला की इथे शनिवार-रविवारीच घरी सापडतो. मधल्या दिवसांत मी मोजा विणणार आहे आणि समोर कार्टून लावणार आहे. तोरण दिवाळीला होणार नाही. गुढीपाडव्याला पाठवते.